बाहेरचा सायलेन्सर लावलेल्या कारला टो हिच बसवता येते का?

टो हिच म्हणजे ट्रॉली ओढण्यासाठी कारच्या मागे, चासीला बोल्टने कसलेला लोखंडी जोड. सायलेन्सरचा पाइपही त्याच भागातून जातो. कंपनीचा पाइप काढून जाड किंवा वेगळ्या वळणाचा बसवला असेल, तर तो हिचच्या आडव्या दांड्याला अडू शकतो.

फट किती हवी? पाइप रबरी हँगरवर लटकतो. तो इंजिनसोबत हलतो, तापला की लांबतो. म्हणून थंड गाडीखाली दिसणाऱ्या फटीवर विसंबू नका. पेठजवळच्या अवसरी घाटासारख्या चढावर भरलेली ट्रॉली ओढताना पाइप जास्त तापतो. लगतची दिव्यांची वायर वितळू शकते.

काय करावे? आधी मॅन्युअलमध्ये ओढण्याची क्षमता पाहा. जागेसाठी हिचचा दांडा कापू नका, पाइपचे वळण बदलून घ्या. सांधे गळत नाहीत ना, तेही तपासा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो केबिनमध्ये शिरला तर जीव जाऊ शकतो.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी न जुळणारा बदल करता येत नाही. आवाजाची मर्यादा ओलांडल्यास कलम १९०(२) नुसार १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.