नत्र उडते कसे? दोन दुबळ्यांचा सौदा



सकाळी गोठ्यात शिरलं की नाकाला झोंबणारा वास येतो ना? तो अमोनिया वायू. तुमच्या केळीचं, पानवेलीचं नत्रच वाऱ्यावर चाललेलं असतं. ते का जातं, हे कळायला माणसाला पुष्कळ वर्षं लागली. हकिगत मिठापासून सुरू होते, म्हणून वसईकराला ती जवळची वाटावी.

सन १७९८ मध्ये नेपोलियनच्या फौजेबरोबर बर्थोले हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ इजिप्तला गेला. तिथल्या वाळवंटात खारी तळी आहेत. नायगाव-भाईंदरच्या मिठागरात जसं मीठ साचतं, तसा तिथं काठावर सोडा साचलेला त्याने पाहिला. मीठ आणि चुनखडीपासून सोडा! प्रयोगशाळेत तर नेमकं उलट घडे; सोडा खर्ची पडून चुनखडी आणि मीठ तयार होई. बर्थोलेने ओळखलं की हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालतो. कुठला माल जास्त आहे आणि कुठला उठून जातो, तसं पारडं झुकतं. पुढे १८६४ मध्ये नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वोगे या दोघांनी (नात्याने साडू बरं का!) त्याचं गणित मांडलं.

आता पुन्हा गोठ्यात या. मूत्रातल्या युरियापासून अमोनिया आणि कार्बनी आम्ल तयार होतं. गोटी सोड्याच्या बाटलीत फसफसतं तेच हे आम्ल. अमोनिया हा दुबळा अल्क, आणि हे आम्लही दुबळंच. गंधकाच्या तेजाबाशी अमोनियाची गाठ पक्की बसते, म्हणून अमोनियम सल्फेटची गोणी वास मारीत नाही. पण दोन दुबळ्यांचा सौदा कधीच पुरा होत नाही. काही बांधले जातात, काही सुटतात, पुन्हा बांधले जातात. खड्डा झाकलेला असेल तर बांधणं आणि सुटणं सारख्या वेगाने चालतं व नत्र टिकतं. उघडा असेल तर सुटलेला वायू वारा नेतो, आणि त्याच्या जागी आणखी सुटतो.

खड्ड्यात चुना किंवा राख टाकणं म्हणजे तर आतबट्ट्याचा धंदा. चुना जोरकस अल्क. तो आम्लाला आपल्याकडे ओढतो आणि अमोनिया एकटा पडून उडतो. जमीन आंबट असेल तर चुना जरूर द्या, पण शेणखताबरोबर किंवा अमोनियम सल्फेटबरोबर नको. मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

मग नत्र धरून कोण ठेवतं? माती! इंग्लंडात थॉम्प्सन नावाच्या शेतकऱ्याने अमोनियम सल्फेटचं पाणी मातीतून गाळलं, तर खाली अमोनियाऐवजी चुन्याचा क्षार उतरला. हे १८५० मध्ये छापून आलं, आणि वे या रसायनशास्त्रज्ञाने त्याच सुमारास त्याचा खोल अभ्यास केला. म्हणून गोठ्यात पालापाचोळा, पेंढा अंथरा, मूत्र त्यात मुरू द्या, आणि खड्ड्यात शेणाच्या प्रत्येक थरावर मातीचा हात फिरवा.

ट्रॉम्बेचा खत कारखाना १९६५ मध्ये सुरू झाला. गोणीतला युरिया आणि मूत्रातला युरिया एकच. ओल्या जमिनीवर नुसता फेकला तर त्याचाही तोच उघडा सौदा होतो, आणि माती-तपासणीच्या कागदावर सामू ७ च्या वर असेल तर नुकसान अधिक. तेव्हा केळीला युरिया आळ्यात मातीआड करून द्या आणि लगेच पाणी सोडा.