जांभ्याचं कुळ

कोकणात घराची भिंत जांभ्याची, गडगा जांभ्याचा, विहीरही जांभ्यानेच बांधलेली. पण या दगडाचं कुळ विचारलं तर पंचाईत होते. रत्नागिरीत तो काळ्या बेसाल्टपासून झाला, गोव्यात त्याहून कितीतरी जुन्या खडकांपासून, केरळात आणखी निराळ्याच. बाप वेगवेगळे, तरी पोरं एकाच तोंडवळ्याची: तांबडी, भोकाभोकांची. याचं कारण, या घराण्याचा खरा मूळपुरुष पाऊस आहे.

पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं, खडकात मुरतं आणि जे विरघळेल ते घेऊन खाली निघून जातं. पुस्तकात याला निक्षालन म्हणतात. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम आधी जातात. सिलिका रेंगाळत जाते. पण बेसाल्टचा जवळपास निम्मा भाग तीच, त्यामुळे ती गेली की खडकाचं रूपच पालटतं. मागे राहतात लोह आणि ॲल्युमिनियम, पाण्याला सहसा दाद न देणारे. लोहाला गंज चढतो, तोच जांभ्याचा रंग. नुसता धो धो पाऊस इथे पुरत नाही. पावसाळ्यात भिजायचं, मग महिनोन्‌महिने तापायचं, हे लाखो वर्षं चालावं लागतं. महाराष्ट्रातला लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावरचा जांभा त्यानंतरचा आणि कोकणपट्टीतला त्याहून अलीकडचा. जिथे ॲल्युमिनियमच मुख्यतः उरलं तिथे बॉक्साइट झालं. कोल्हापूर जिल्ह्यात त्याच्या खाणी आहेत.

शास्त्राच्या वहीत जांभ्याचं नाव चढलं ते मात्र मलबारात. टिपूच्या पाडावानंतर, १८००-०१ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर फ्रान्सिस बुकॅनन म्हैसूर, कानडा आणि मलबारची पाहणी करत फिरत होता. अंगाडीपुरम् इथे त्याने पाहिलं, की जमिनीतला हा दगड लोखंडी हत्याराने सहज कापता येतो आणि उघड्यावर ठेवला की विटेसारखा टणक होतो. लॅटिनमध्ये विटेला ‘लॅटर’ म्हणतात, म्हणून १८०७ साली छापलेल्या प्रवासवृत्तात त्याने ‘लॅटराइट’ हे नाव दिलं. चिरेखाणीवरच्या माणसांना दगडाचा हा गुण ठाऊक होताच; बुकॅननने त्याची नोंद केली, एवढंच.

जे वाहून गेलं ते झाडांचं अन्न होतं. म्हणून कोकणच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, मातीचा थर पातळ आणि जी आहे ती आम्लधर्मी, चुन्याला पारखी. भातखाचरात टाकलेल्या युरियाचीही तीच गत: त्यातलं काही नत्र पाण्याबरोबर निघून जातं, म्हणून मात्रा हप्त्याहप्त्याने द्यायची. हापूसची कलमं लावायला तर कित्येक ठिकाणी कातळ फोडून खड्ड्यात बाहेरची माती भरावी लागते. सड्यावरच्या वनस्पतींनी आपली सोय केव्हाच लावून घेतली आहे. कासच्या पठारावर पावसाळ्यात निळी-जांभळी दिसणारी सीतेची आसवं बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव पकडतात आणि नत्राची तूट भरून काढतात. कोकणातल्या सड्यांवरच बारसू, कशेळी, उक्षी इथली कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली चित्रं, आहेत.

असा सडा सरकारदरबारी बहुधा पडीक, पोटखराबा म्हणून लिहिला जातो. ती नोंद शेतसाऱ्यापुरती ठीक होती. सड्यावर जेसीबी न्यायचा की नाही हे ठरवायला ती पुरेशी नाही.