रेडिटची तीनशे चौदा मिनिटं

काही वर्षं आधी

रेडिटच्या जुन्या क्लस्टरांपैकी एकात नोड्सची, म्हणजे यंत्रांची, संख्या वाढत चालली होती. क्लस्टर कुबरनेटीसचा. कुठला कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅमचं बंद गाठोडं, कुठल्या नोडवर चालवायचा, पडला तर परत कुठे उभा करायचा, हे सगळं कुबरनेटीस ठरवतं. पण एका नोडवरच्या कंटेनरला दुसऱ्या नोडवरच्या कंटेनरपर्यंत जायचा रस्ता कळावा लागतो, आणि ते काम तिथे कॅलिको नावाच्या नेटवर्क सॉफ्टवेअरकडे होतं.

कॅलिकोची मूळ रीत अशी की प्रत्येक नोड बाकीच्या प्रत्येक नोडशी जोडणी ठेवतो आणि आपल्याकडे कोणते पत्ते आहेत ते कळवतो. १०० नोड असले तर अशा ४,९५० जोडण्या होतात. १,००० झाले की ४,९९,५००. लग्नाचं आमंत्रण घरोघरी स्वतः जाऊन द्यायचं म्हटलं तर लहान वाडीत जमतं. गाव मोठं झालं की दोन-चार माणसांवर आळ्या वाटून द्याव्या लागतात. कॅलिकोत या माणसांना ‘रूट रिफ्लेक्टर’ म्हणतात. काही नोड निवडायचे, बाकीच्यांनी आपले रस्ते फक्त त्यांना सांगायचे, आणि त्यांनी ते सगळ्यांना कळवायचे.

निवडायचे कोणते? क्लस्टरचा कारभार पाहणारे नोड कायमचे असतात, फारसे बदलत नाहीत. त्यांच्यावर ‘मास्टर’ असं लेबल असायचंच. म्हणून नियम लिहिला गेला : ज्यावर मास्टर लेबल आहे, तो रिफ्लेक्टर. हुशारीचा निर्णय होता, आजही कुणी नावं ठेवणार नाही. फक्त ही मांडणी थेट क्लस्टरमध्ये केली गेली. कोडच्या भांडारात तिची नोंद गेली नाही.

२७ महिने आधी : डिसेंबर २०२०

कुबरनेटीसची १.२० ही आवृत्ती आली. मास्टर–स्लेव्ह ही गुलामगिरीची भाषा संगणकाच्या जगातून काढून टाकण्याचं त्या वर्षी अमेरिकेत बऱ्याच जणांनी मनावर घेतलं होतं. कुबरनेटीसनेही घेतलं. ‘मास्टर’ऐवजी ‘कंट्रोल प्लेन’ असं नवं लेबल आलं. पण जुनं लगेच काढलं नाही. दोन्ही शेजारी शेजारी ठेवली आणि जुनं पुढे कधीतरी जाईल असं जाहीर केलं.

तेव्हापासून कमांड लाइनवर ‘कुबेक्टल गेट नोड्स’ लिहून एंटर दाबलं की ‘रोल्स’च्या रकान्यात ‘कंट्रोल-प्लेन,मास्टर’ असं जोडनाव दिसू लागलं. दिवसातून अनेकदा दिसणारी गोष्ट. लोकांनी ती वाचायची सोडून दिली असेल तर नवल नाही.

१० महिने आधी : ३ मे २०२२

१.२४ आली. या आवृत्तीची चर्चा झाली ती भलत्याच कारणाने : कंटेनर चालवणाऱ्या डॉकर या इंजिनाशी थेट जोडणारा दुवा, डॉकरशिम, कुबरनेटीसमधून काढून टाकला होता. कंटेनर म्हणजे डॉकर हे समीकरण डोक्यात पक्कं बसलेल्यांनी भरपूर आरडाओरडा केला. त्याच आवृत्तीच्या टिपणांत, अपग्रेडआधी वाचाच म्हणून, दुसरी सूचनाही होती. मास्टर लेबल आता जाणार. नव्या क्लस्टरवर लागणार नाही, आणि चालू क्लस्टर अपग्रेड केला तर त्यावरचंही निघणार.

काही दिवस आधी

रेडिटच्या टीमने आधीच्या एका बिघडलेल्या अपग्रेडची चिकित्सा नुकतीच संपवली होती. म्हणजे बेफिकीर माणसं नव्हती ही. आता १.२३ वरून १.२४ वर जायचं होतं. अडचण इतकीच की जुने क्लस्टर एकसारखे नव्हते. प्रत्येकाला आपापल्या काळातल्या माणसांनी, आपापल्या गरजेप्रमाणे वाढवलं होतं. एकावर निभावलं म्हणून दुसऱ्यावर निभावेल असं सांगता येत नव्हतं.

५ मिनिटे आधी : १४ मार्च २०२३, यूटीसी १९:०० च्या सुमारास

कॅलिफोर्नियात भर दुपार, आपल्याकडे मध्यरात्र उलटून अर्धा तास. अमेरिकेत तारीख आधी महिना मग दिवस अशी लिहितात, म्हणून तिथे हा दिवस ३/१४, गणितवाल्यांचा ‘पाय डे’. कारभारी नोड्सचं अपग्रेड सुरू झालं. लेबल निघालं. जो काही अनर्थ व्हायचा तो इथेच झाला.

आणि याची घोषणा कुठेही झाली नाही. कुबरनेटीसमध्ये ‘इव्हेंट’ नावाची एक स्वतंत्र वस्तू असते. कंटेनर सुरू झाला, इमेज खाली उतरली, तपासणी नापास झाली, जागा मिळाली नाही, पुन्हा पुन्हा पडतो म्हणून थांबलो : अशा प्रत्येक गोष्टीचा एक इव्हेंट निघतो आणि ‘कुबेक्टल गेट इव्हेंट्स’ला ‘वॉच’ जोडलं की पडद्यावर ओळीखाली ओळ वाहत राहते. डॉकरच्या दुनियेत ‘डॉकर इव्हेंट्स’ हेच करतं : क्रिएट, स्टार्ट, डाय, ओओएम. मेलेल्या कंटेनरच्या ओळीत निर्गमनाचा आकडाही असतो. १३७ दिसला की त्याला बाहेरून ठार केलंय हे जाणकार लगेच ओळखतो, कारण १२८ अधिक ९, आणि ९ हा ‘किल’चा सिग्नल. इतकं तपशीलवार बोलणारी ही यंत्रणा. पण नोडवरून लेबल निघालं, तर त्याचा इव्हेंट निघत नाही. ऑडिटचा लॉग ठेवला असेल तर त्यात सापडेल. इव्हेंटच्या धारेत नाही.

शून्य : १९:०५

रेडिट थांबलं. हळू वगैरे झालं नाही, बंदच पडलं.

आत काय झालं ते सांगायला सोपं आहे. रिफ्लेक्टर निवडायच्या नियमात एकही नोड बसेना. निवडच रिकामी. मग रस्ते सांगणारं कुणी उरलं नाही, जोडण्या तुटल्या, आणि जोडणी तुटली की तिच्यावरून शिकलेले रस्ते नोड विसरतो. या जोडण्या ज्या भाषेत बोलतात, त्या बीजीपीचा नियमच तसा आहे. कंटेनर जिवंत होते. त्यांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

पडद्यासमोरच्यांना मात्र हे असं दिसत नाही. नाव शोधणारी डीएनएस सेवा दुसऱ्या नोडवर असेल तर नावं सापडत नाहीत, मग डीएनएसवर संशय. तपासण्यांना वेळेत उत्तर येत नाही, मग त्या कंटेनरवर संशय. आणि निरीक्षणाची साधनं त्याच क्लस्टरच्या पोटात चालत असली, तर त्यांचीही वाट तीच. आलेखाची रेघ मधेच तुटते, आणि तुटलेली रेघ म्हणजे ‘सगळं मेलं’ की ‘मला दिसत नाही’, हे आलेख सांगत नाही. धारेतल्या प्रत्येक ओळीत लिहिलेलं खरंच असतं, फक्त त्या शेकडो ओळी परिणामांच्या असतात.

पहिला तास संपताना : २०:०५

कुबरनेटीसची मूळ सोय अशी की इव्हेंट एक तास ठेवायचा आणि मग पुसून टाकायचा. मुद्दाम कुणी ही मुदत वाढवली नसेल, तर बिघाड सुरू झाला त्या क्षणाच्या ओळी बरोबर एक तासाने जायला लागतात. सरळ चाललेल्या दिवशी यात काही गैर नाही. इतक्या ओळी साठवून क्लस्टरच्या मेंदूवर, म्हणजे ईटीसीडीवर, कशाला भार टाका. पण तासाभरात कारण हाती लागलं नाही, तर पहिलं काय पडलं हे विचारायला जावं तेव्हा उत्तर संपलेलं असतं. डॉकरची तऱ्हा वेगळी : ‘सिन्स’ लावून मागचं मागितलं तर शेवटचे २५६ इव्हेंट मिळतात. गोंधळाच्या वेळी २५६ ओळी किती मिनिटं पुरतील? म्हणून शहाणे लोक ही धार क्लस्टरबाहेर कुठेतरी जमा करून ठेवतात. हे काम कंटाळवाणं आहे आणि दुर्घटना होईपर्यंत त्याचा कुणालाही उपयोग दिसत नाही.

मधले तास

कारण सापडत नव्हतं, तेव्हा जुन्या आवृत्तीवर मागे जायचं. पण कसं? कुबरनेटीसला पुढे जाता येतं, परतीची अधिकृत वाट नाही. १.२४ वरून १.२३ वर उतरायचा एकच मार्ग : घेऊन ठेवलेल्या बॅकअपमधून कारभारी नोड्सची स्थिती पुन्हा उभी करायची. सगळी साइट बंद असताना असा निर्णय घेणाऱ्यांच्या पोटात काय गोळा आला असेल!

बॅकअप होता. तो कसा चढवायचा याच्या लेखी सूचनाही होत्या. त्या उघडल्या, तर त्या कुबरनेटीसच्या केव्हाच मुदत संपलेल्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या निघाल्या. शिवाय त्यानंतर रेडिटने कंटेनर चालवायचं इंजिनच बदललं होतं, डॉकरऐवजी क्राय-ओ. सूचनांत पावलोपावली डॉकरच्या कमांड. क्राय-ओच्या नोडवर ‘डॉकर पीएस’ लिहून काही हाती लागत नाही. तिथे ‘क्रायसीटीएल’ लागतं, आणि त्याचे पर्याय जवळपास तेच असले तरी हुबेहूब नाहीत. तेव्हा जुन्या कागदावरच्या प्रत्येक ओळीचं नव्या कमांडमध्ये रूपांतर करत, अडेल तिथे थांबून वाट काढत, काम पुढे गेलं.

या घटनाक्रमातला हा भाग मला सगळ्यात भयंकर वाटतो. लेबल कुणाच्याही नजरेतून सुटेल. पण साइट बंद आहे, लाखो लोक ताटकळलेत, आणि आपण कुणा गेलेल्या सहकाऱ्याने लिहिलेली कमांड आज चालेल का याचा तर्क करतोय!

शेवटचा तास

क्लस्टर उभा राहिला तरी दार सताड उघडता येत नव्हतं. सगळे कंटेनर नुकते उठलेले, कॅशे रिकामे. अशा वेळी पूर्ण गर्दी आत घेतली तर जे उठलंय ते परत बसतं. म्हणून थोडी थोडी रहदारी आत सोडत नेली. ००:१९ यूटीसीच्या सुमारास, कॅलिफोर्नियात संध्याकाळी सव्वापाचला, भारतात पहाटे पावणेसहाला, रेडिट पुरतं सुरू झालं. एकूण ३१४ मिनिटं. पाय डेच्या दिवशी! कुणी कथेत हा आकडा घातला असता तर संपादकाने कापला असता.

नंतर

साइट चालू झाली तेव्हा कारण माहीतच नव्हतं. ते नंतर, लॉग उपसताना, कॅलिकोच्या नियमातल्या मास्टर या शब्दापाशी सापडलं. अपग्रेडआधी कोडच्या भांडारात तो शब्द शोधला असता तरी हा नियम हाती लागला नसता, कारण तो तिथे नव्हताच. तो क्लस्टरच्याच पोटात होता. तिथे त्याला विचारायची कमांड आहे, ‘कॅलिकोसीटीएल गेट बीजीपीपीअर’, पुढे ‘-ओ यामल’ जोडायचं. नियम जसाच्या तसा छापून येतो, निवडीच्या अटीसकट. पण ही कमांड चालवायला रिफ्लेक्टर आहेत हे आधी ठाऊक असावं लागतं, आणि ज्यांनी ते बसवले त्यांचा काळ मागे पडला होता.