वादळ नदीच्या वाटेने येते

गोंदियाला समुद्र नाही, म्हणून चक्रीवादळाची धास्तीही नाही, असे आपण मानत आलो. अलीकडचा इतिहास निराळे सांगतो. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाची क्षेत्रे ओडिशा-छत्तीसगड ओलांडताना वाऱ्याचा जोर हरवतात, पाऊस मात्र सोबत आणतात. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस मध्य प्रदेशात असाच पाऊस कोसळला. शिवनी जिल्ह्यातील संजय सरोवरातून वैनगंगेत पाणी सोडावे लागले आणि गोंदिया-भंडाऱ्याच्या काठावरची गावे, धानाची शेते बुडाली. (१९९९पर्यंत हा एकच भंडारा जिल्हा होता, नदीच्या लेखी आजही आहे.) तेव्हा इथल्या माणसाला वाऱ्याच्या वेगापेक्षा शिवनीत किती पाणी सुटले आणि ते आपल्या गावी केव्हा पोचेल, ही वार्ता हवी, तीही रात्र पडण्याआधी.