सारीपाट

फुलीच्या आकाराच्या कापडी पटावर फासे टाकून सोंगट्यांनी खेळावयाचा एक प्राचीन भारतीय बैठा खेळ. ‘सारी’ हा शब्द सोंगटी या अर्थाच्या ‘शारि’ या संस्कृत शब्दावरून आला आहे. उत्तर भारतात हा खेळ चौपड, चौसर या नावांनी ओळखला जातो. फाशांऐवजी कवड्या टाकून खेळल्यास त्यास पचीसी म्हणतात. नुसत्या फाशांचे द्यूत आणि सारीपाट यांत महत्त्वाचा भेद आहे. द्यूतात फासा पडताच निकाल लागतो. सारीपाटात मात्र फासा पडल्यावरच खेळणाऱ्याचे काम सुरू होते. कारण आलेले दान कोणत्या सोंगटीस द्यावयाचे, हे त्याने ठरवावयाचे असते. दैव आणि विवेक यांची ही सांगड हे या खेळाचे मुख्य वैशिष्ट्य होय.

इतिहास : मोहें-जो-दडो व हडप्पा येथील उत्खननांत घनाकृती फासे सापडले आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात (१०·३४) जुगाऱ्याच्या दुर्दशेचे वर्णन असून फासे सोडून शेती करण्याचा उपदेश त्याला केलेला आहे. तेथील ‘अक्ष’ म्हणजे बेहड्याची फळे होत. महाभारताच्या सभापर्वातील द्यूतामुळे तर सर्वस्व गमावण्याचा प्रसंग पांडवांवर ओढवला. कौटिलीय अर्थशास्त्रात द्यूतावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याचा उल्लेख असून, जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच इतका भाग त्याने घ्यावा, असे सांगितले आहे.

फाशांना पटाची व सोंगट्यांची जोड केव्हा मिळाली, या दृष्टीने पाणिनीच्या अष्टाध्यायीतील एक सूत्र (५·२·९) महत्त्वाचे आहे. त्यात ‘अयानय’ नामक स्थानी न्यावयाच्या सोंगटीसाठी ‘अयानयीन’ हा शब्द सिद्ध केलेला आहे. उजवीकडे व डावीकडे जाणाऱ्या सोंगट्यांच्या ज्या स्थानी प्रतिपक्षाच्या सोंगट्यांना प्रवेश मिळत नाही ते स्थान म्हणजे अयानय, असे स्पष्टीकरण पतंजलीने महाभाष्यात केले आहे. शत्रूला शिरता न येणाऱ्या घराची ही कल्पना सारीपाटातही आहे. वेरूळच्या लेण्यांत, विशेषतः क्र. १४, २१ व २९ यांत, शिव-पार्वती अक्षक्रीडा करीत असल्याची शिल्पे आहेत.

सारीपाटाचे तपशीलवार वर्णन सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फज्लने लिहिलेल्या आईन-इ-अकबरी या ग्रंथात मिळते. पटाच्या चार भुजा, प्रत्येक भुजेत चोवीस घरे, सोळा सोंगट्या, तीन फासे व दोन-दोन जोडीदारांचे दोन पक्ष, हे त्यातील सर्व तपशील पुढील काळातील सारीपाटाशी जुळतात. फतेपूर सीक्री येथील राजवाड्याच्या अंगणात पचीसीचा भव्य पट फरसबंदीत आखलेला आहे. त्यावर सोंगट्यांच्या जागी दासींना उभे करून अकबर खेळत असे, अशी आख्यायिका आहे.

पट व साहित्य : पटाच्या मध्यभागी एक चौरस घर असते व त्याच्या चारही बाजूंस एकेक भुजा असते. प्रत्येक भुजेत आठ-आठ घरांच्या तीन रांगा असतात. म्हणजे चार भुजांत मिळून ९६ घरे होतात. पट कापडाचा असल्याने खेळ संपल्यावर तो गुंडाळून ठेवता येतो. लाल, हिरव्या, पिवळ्या व काळ्या अशा प्रत्येकी चार सोंगट्या असतात. फासे लांबट व चौपैलू असून त्यांच्या चार बाजूंवर एक, दोन, पाच व सहा ठिपके असतात. तीन व चार हे आकडे नसतात. तीन फासे टाकल्यावर कमीत कमी तीन व जास्तीत जास्त अठरा असे दान पडते. दोन सहा व एक एक्का या दानास ‘पौबारा’ म्हणतात. तीन फाशांच्या ६४ संभाव्य मांडण्यांपैकी तीनच मांडण्यांत हे दान पडते.

खेळण्याची पद्धत : चार खेळाडू चार भुजांशी बसतात. समोरासमोरचे दोघे जोडीदार असतात. पिवळी व काळी एका पक्षाची, तर लाल व हिरवी दुसऱ्या पक्षाची, अशी विभागणी सामान्यपणे आढळते. सोंगटी मधल्या घरातून निघून आपल्या भुजेच्या मधल्या रांगेतून खाली उतरते, कडेच्या घरांवरून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सबंध पटास फेरी घालते व त्याच मधल्या रांगेतून वर चढून मधल्या घरात परतते. उतरताना आठ, फेरीत अडुसष्ट व चढताना आठ, अशी एकूण ८४ घरांची ही वाटचाल होय. काही प्रकारांत मात्र सोंगट्या आरंभीच ठरावीक घरांवर मांडतात.

तीन फाशांवरील आकडे एकाच सोंगटीस देता येतात किंवा वेगवेगळ्या सोंगट्यांत वाटता येतात. प्रतिपक्षाची एकटी सोंगटी असलेल्या घरात आपली सोंगटी पोहोचली, की ती मारली जाते व तिला पुन्हा आरंभापासून निघावे लागते. एकाच पक्षाच्या दोन सोंगट्या एका घरात आल्या म्हणजे त्यांचे ‘जुग’ होते. एकट्या सोंगटीला जुग मारता येत नाही. कवड्यांच्या खेळात फुलीची खूण असलेल्या घरातील सोंगटीसही अभय असते.

दोन्ही जोडीदारांच्या आठही सोंगट्या मधल्या घरात पोहोचल्यावर डाव जिंकला जातो. त्यामुळे एकानेच घाई करून आपल्या सोंगट्या घरी नेणे हिताचे नसते. मागे राहिलेला जोडीदार त्यामुळे एकटा पडतो. जुग केव्हा राखावे, केव्हा फोडावे आणि जोडीदारासाठी कोठे थांबावे, यांत कुशल खेळाडूची पारख होते.

लोकजीवनातील स्थान : कोजागरी पौर्णिमेच्या जागरणात अक्षक्रीडेला स्थान आहे. कार्तिक शुद्ध प्रतिपदेस द्यूतप्रतिपदा असेही नाव असून, त्या दिवशी पार्वतीने शंकरास द्यूतात हरविले, अशी पुराणकथा आहे. पट मांडणे, डाव उधळणे, संसाराचा सारीपाट यांसारखे मराठीतील प्रयोग या खेळाचा घराघरांतील परिचय सूचित करतात. पळून जाणे या अर्थाचा ‘पोबारा करणे’ हा वाक्प्रचारही पौबारा या दानाशी जोडला जातो.

परदेशांतील रूपे : अमेरिकेत ‘पारचीसी’ या नावाची १८७४ मध्ये नोंदणी झाली. इंग्लंडमध्ये १८९६ साली ‘ल्यूडो’चे एकस्व घेण्यात आले व सुलभ झालेला तोच खेळ पुढे भारतात परतला. ल्यूडोत तीनऐवजी एकच घनाकृती फासा असतो, प्रत्येक भुजेतील घरे चोवीसवरून अठरा झाली आहेत आणि सामान्यतः प्रत्येकजण स्वतःपुरता खेळतो. एकच दान वाटून देण्याची मुभा गेली, जोडीदाराची जबाबदारीही गेली. परिणामी दैवाचा भाग वाढला व विवेकाचा घटला. तथापि लहान मुलांसही चटकन शिकता येत असल्याने सारीपाटाची घरातील जागा बऱ्याच अंशी ल्यूडोने घेतली.

दैव आणि कौशल्य यांचा प्रश्न कायद्यासमोरही आला. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियमाने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले होते. भ्रमणध्वनीवर ल्यूडो पैसे लावून खेळला जाऊ लागल्यावर तो कौशल्याचा की दैवाचा, हा वाद २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेला. २०२५ साली संसदेने संमत केलेल्या अधिनियमाने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, बंदी घातली. अक्षसूक्तातील इशाऱ्याचा रोखही पणाकडेच होता. पण न लावता, जोडीदारासह खेळला जाणारा सारीपाट त्या इशाऱ्याच्या कक्षेत येत नाही.