मुंबई प्रसूती लाभ कायदा, १९२९ : मातृत्व रजेच्या खर्चाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
२०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठीची पगारी मातृत्व रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांपर्यंत वाढविण्यात आली. रजावाढीच्या निर्णयाचे सर्वत्र स्वागत होते. परंतु या रजेचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहतो. वस्तुतः मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात तो १९२८ सालीच उपस्थित झाला होता. त्या चर्चेच्या प्रकाशात आजच्या धोरणाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी :
१९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने प्रसूतीविषयक करार संमत केला. प्रसूतिकाळातील आर्थिक साहाय्य सरकारी निधीतून अथवा विमा योजनेतून द्यावे, असे त्यात नमूद होते. या धर्तीवर कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात विधेयक मांडले. मात्र ते मंजूर होऊ शकले नाही. त्यानंतर हा विषय मुंबई इलाख्याने हाती घेतला.

१९२८ ची चर्चा व कायदा :
आसवले यांनी मांडलेल्या विधेयकास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जुलै १९२८ मध्ये पाठिंबा दिला. प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. त्याचबरोबर स्त्रीच्या श्रमाचा लाभ मालकाला मिळत असल्याने त्यालाही अंशतः जबाबदार धरणे त्यांना न्याय्य वाटत होते. १९२९ मध्ये संमत झालेला हा कायदा भारतातील अशा प्रकारचा पहिला कायदा ठरला. कारखान्यातील स्त्रीला त्यामुळे प्रसूतिकाळात दररोज ८ आणे मिळू लागले. तथापि संपूर्ण भार मालकावरच पडला. सरकारचा वाटा कायद्यात आला नाही.

पुढील दोन दशकांत मुंबईच्या कापड गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. कामाचे सुसूत्रीकरण व स्त्रियांच्या रात्रपाळीवरील बंदी ही त्यामागील महत्त्वाची कारणे होत. त्यामुळे एकट्या प्रसूती कायद्यास दोष देता येत नाही. परंतु स्त्री कामगार म्हणजे अधिक खर्च, हा हिशेब मालकांसमोर होता, हेही नाकारता येत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळ :
१९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने मालक व कामगार यांच्या वर्गणीतून प्रसूती लाभाची सोय केली. मात्र ती ठरावीक वेतनमर्यादेतील कामगारांपुरतीच राहिली. या विम्याबाहेरील आस्थापनांसाठी १९६१ च्या अधिनियमाने मालकाचेच दायित्व कायम ठेवले. २०१७ मध्ये रजा दुपटीहून अधिक झाली, तरी दायित्वाची रचना बदलली नाही. मालकांना ७ आठवड्यांच्या वेतनाची भरपाई देण्याची योजना विचाराधीन असल्याचे केंद्रीय श्रम मंत्रालयाने २०१८ मध्ये जाहीर केले होते. त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही मालकाच्या दायित्वाचे हेच तत्त्व आढळते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी क्षेत्रातील पित्यास मात्र केंद्रीय कायद्याने असा हक्क दिलेला नाही. परिणामी अपत्यसंगोपनाचा खर्च केवळ स्त्रीच्या नेमणुकीशी जोडला जातो.

समारोप :
रोजंदारीवरील स्त्रियांनाही प्रसूती लाभ मिळाला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्ली महानगरपालिकेच्या प्रकरणात दिला. तरीही आपल्याच महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या प्राध्यापिकेचे मानधन घेतलेल्या तासांवर मोजले जाते. जिथे तास नाही तिथे मानधन नाही, अशा व्यवस्थेत २६ आठवड्यांची तरतूद तिच्यापर्यंत कशी पोहोचणार? रजेचे आठवडे वाढविण्याबरोबरच सरकारी निधी वा व्यापक विमा यांची जोड दिली आणि पित्यालाही रजेचा हक्क दिला, तरच ही वाढ स्त्रियांच्या रोजगारास मारक ठरणार नाही. सरकारचा जो वाटा १९२८ मध्ये मागितला गेला, तो आजही कायद्यात यावयाचा आहे.