बरोबर औषध, चुकीचं कारण

सनावळ्या पाठ करून घेण्यात माझी उमेद गेली, पण मला मनापासून आवडायच्या त्या अशा गोष्टी. त्या कधीच अभ्यासक्रमात नसायच्या!

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर मध्यभागी ज्वालामुखीतून पडलेल्या मातीचा मोठा प्रदेश आहे. गोऱ्या वसाहतवाल्यांनी तिथलं जंगल तोडून कुरणं केली. गवत हिरवंगार, आणि त्यातली कोकरं मात्र झुरत चाललेली. भूक जायची, रक्त कमी व्हायचं, डोळे गळायचे, शेवटी मरण. पुढ्यात चारा असताना उपासमार! लोक त्याला 'बुश सिकनेस' म्हणत. गंमत म्हणजे त्याच कुरणातले घोडे धडधाकट असत, आणि कोकरू दुसऱ्या जमिनीवर नेलं की सुधारे. म्हणजे साथ नव्हे.

बर्नार्ड ॲस्टन या रसायनतज्ज्ञाने निदान केलं की जमिनीत लोह कमी आहे. लिमोनाइट हे लोहखनिज जनावरांना दिलं आणि ती बरी झाली. झालं, सिद्धान्त पक्का! पण एका ठिकाणचं लिमोनाइट लागू पडे, दुसरीकडचं नाही. हे कोडं बरीच वर्षं छळत राहिलं.

असाच रोग पश्चिम ऑस्ट्रेलियातही होता. तिथे अंडरवुड आणि फिल्मर यांनी लिमोनाइटमधलं लोहच काढून टाकलं आणि उरलेला अर्क पाजला. तरी जनावरं बरी! १९३५ साली उलगडा झाला: गुण होता त्यातल्या चिमूटभर कोबाल्टचा. दक्षिण ऑस्ट्रेलियात मार्स्टन यांच्या गटाने त्याच सुमारास स्वतंत्रपणे तेच शोधलं. मेंढीला रोज लागतं किती? सुमारे ०.१ मिलिग्रॅम!

का लागतं, हे कळायला १९४८ उजाडलं. जीवनसत्त्व बी-१२ हाती आलं आणि त्यात कोबाल्ट निघालं. मेंढीच्या पोटातले जीवाणू कोबाल्टपासून हे जीवनसत्त्व बनवतात. पुढे असंही दिसलं, की कोबाल्ट कमी पडलेल्या कोकरांच्या पांढऱ्या पेशी जंतू मारण्यात ढिल्या पडतात. वाढत्या कोकरांना झळ सर्वांत आधी लागते.

पण म्हणून खनिजं वाटेल तशी चारू नयेत. तांबं जास्त झालं तर मेंढी दगावते, याबाबत ती फार नाजूक.

खतातून कोबाल्ट टाकल्यावर ती कुरणं नांदती झाली. १९५८ साली ऑस्ट्रेलियात कोबाल्टची जड गोळी निघाली. एकदा गिळवली की पोटात बसून हळूहळू विरघळणारी. पुढे तिच्यावर क्षारांचा थर चढू लागला, तेव्हा थर घासून निघावा म्हणून सोबत पोलादाचा छोटा स्क्रूही गिळवू लागले.